मुक्कामाची बेटं

अंदमानचं नाव आमच्या घरात वर्षातून एकदाच निघायचं, मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. पेपर आला की बाबा पहिल्या पानावरची चौकट मोठ्यानं वाचायचे, ‘मान्सून अंदमानात दाखल’, आणि आई परसातलं सरपण आत घ्यायच्या तयारीला लागायची. पुढं केरळ, मग तळकोकण, मग आम्ही कराडकर. पावसाच्या वाटेवरचं पहिलं ठाणं, एवढीच आमची अंदमानची ओळख. तिथं आपणही जाऊ शकतो हे परवाच्या दिवाळीपर्यंत कुणाच्या मनात आलं नव्हतं.

विषय काढला लेकीनं. ती सहावीत होती, आणि तिला रंगीत मासे काचेच्या पेटीत नाही, पाण्यात उतरून बघायचे होते. बाबांनी लगेच उचलून धरलं. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. रात्रपाळीला, शेवटची मुक्कामी गाडी लागली की कंट्रोल केबिनमधल्या दिव्याखाली त्यांनी सावरकरांचं ‘माझी जन्मठेप’ दोनदा वाचलेलं. सावरकरांची अंदमानातली ती कोठडी एकदा डोळ्यांनी बघायची, हे त्यांचं कितीतरी वर्षांचं मनात होतं. आईला विचारलं तर म्हणाली, “मला पाण्यात बसायचंय. पाय भिजवून परत नाही यायचं, बसायचं. पण लाटेनं पाडलं नाही पाहिजे.” तिचे गुडघे गेलेत. गणपतीपुळ्याला आम्ही तीन-चारदा गेलो, पण तिथला समुद्र ओढीचा, घोट्याच्या वर पाणी तिनं कधी येऊ दिलं नाही. आणि मला? मला दोन-तीन दिवस एका जागी राहायचं होतं, घड्याळ न बघता.

अशा चौघांच्या चार मागण्या. फेब्रुवारीची विमानाची तिकिटं आधी काढली, पुणे ते चेन्नई आणि पुढं पोर्ट ब्लेअर. रात्री मिळाल्या सहा. कुठली बेटं, हा प्रश्न त्यानंतर आला, आणि त्यानं आमचा महिना घेतला.

आपल्याकडं बेट म्हटलं की किल्ला आठवतो. कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग, मुरुडचा जंजिरा, हर्णैचा सुवर्णदुर्ग, थळसमोरची खांदेरी. होडीत बसायचं, तट फिरून यायचा, गोड्या पाण्याची विहीर बघून नवल करायचं आणि तासा-दोन तासांत परत किनाऱ्याला. बेटावर राहायचं असतं, तिथं दिवस उगवताना आणि मावळताना बघायचा असतो, ही आपली सवयच नाही. त्यामुळं ‘एका दिवसात दोन बेटं’ असं कुणी लिहून दिलं की आपल्याला ते सहज पटतं. आम्हालाही आधी पटलं होतं.

अंदमान ठरण्याआधी लक्षद्वीपचाही विचार झाला. आईची मागणी एकटीच असती तर मी लक्षद्वीपच निवडलं असतं. ती प्रवाळाची बेटं. बेटाभोवती प्रवाळाचं कडं असतं आणि त्याच्या आत उथळ, निवांत पाणी साठलेलं असतं. लाटा बाहेरच फुटतात. एकूण 36 बेटं आणि वस्ती फक्त दहांवर. पण तिथं जायला आधी परवाना लागतो, विमानाची धावपट्टी एकट्या अगत्तीवर आहे, नाहीतर कोचीहून जहाज. राहायची सोयही मोजकीच. वयस्कर माणसं घेऊन पहिल्यांदाच निघालेल्यांना हे जुळवणं अवघड, आणि बाबांची कोठडी तर तिथं नाहीच. लक्षद्वीप मागं ठेवलं.

अंदमानचा नकाशा लेकीनं जेवणाच्या टेबलावर पसरला तेव्हा सगळे गप्प झालो. लहानमोठी बेटं आणि खडक धरून आठशेच्या वर ठिपके. वस्ती त्यातल्या जेमतेम तीस-चाळीस बेटांवर. खाली ‘टेन डिग्री चॅनल’ नावाचा समुद्राचा रुंद पट्टा, त्याच्या पलीकडं निकोबार. तिकडं आपल्यासारख्या पर्यटकाला मोकळीक नाही, म्हणजे ती बेटं आपोआप गळाली. उरलं अंदमान. तेही उत्तर-दक्षिण इतकं लांब, की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं तर अख्खा दिवस गाडीत.

एका प्रवासी कंपनीनं कार्यक्रम पाठवला. सहा रात्री, सात बेटं : पोर्ट ब्लेअर, रॉस, नॉर्थ बे, जॉली बॉय, बाराटांग, हॅवलॉक, नील. शेजारी गुळगुळीत निळे फोटो. बाबांनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि डेपोचं वेळापत्रक तपासावं तसं ते वाचायला बसले.

पहिली खूण त्यांनी नॉर्थ बेवर केली. नॉर्थ बे हे बेटच नाही. पोर्ट ब्लेअर ज्या दक्षिण अंदमान बेटावर आहे त्याच बेटाचा तो समोरचा किनारा. मध्ये खाडी आहे म्हणून होडीनं जातात, एवढंच. बाबांनी कपाटातून जुनी तांबडी वीस रुपयांची नोट काढली आणि नातीला दाखवली. नोटेच्या पाठीमागं माडांच्या आडून समुद्र आणि दीपगृह दिसतं ना, ते माऊंट हॅरिएटच्या डोंगरावरून दिसणारं नॉर्थ बे. आता त्या डोंगराला माऊंट मणिपूर म्हणतात. इतकी वर्षं ते बेट पाकिटात घेऊन फिरलो, असं म्हणून बाबा थांबले आणि स्वतःच दुरुस्ती केली, “बेट नव्हे, किनारा.”

मग त्यांनी प्रत्येक बेटापुढं तास मांडले. एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे काय होतं? सकाळी सामान बांधा, खोली सोडा, बोट सुटायच्या तासभर आधी धक्क्यावर पोचा, सामान तपासून घ्या, बोटीत दीड-दोन तास बसा, उतरल्यावर सामानाची वाट बघा, रिक्षा करा, नव्या खोलीची किल्ली मिळेपर्यंत ओसरीत बसा. हे सगळं मिळून पाच तास. आणि तिथला दिवस आपल्यापेक्षा लवकर संपतो. घड्याळ देशभर एकच, पण अंदमान मुंबईच्या पूर्वेला वीस रेखांश. चार मिनिटांना एक रेखांश धरला तर ऐंशी मिनिटांचा फरक. फेब्रुवारीत सूर्य साडेपाचच्या आत बुडतो. दुपारी एकला नव्या बेटावर पोचलेल्या माणसाच्या हातात उजेड उरतो चार-साडेचार तासांचा. त्यात जेवण.

“सात बेटं म्हणजे सात स्टँड,” बाबा म्हणाले. “स्टँडवर कुणी राहायला जातं का?”

त्या एका वाक्यानं आमचा सगळा कार्यक्रम उलटा झाला. बेटं मोजायची नाहीत, रात्री मोजायच्या. जिथं दोन रात्री काढता येणार नाहीत ते बेट यादीतून काढायचं. बाबांच्या भाषेत सांगायचं तर गाडी मुक्कामी पाहिजे, जाऊन-येऊन नको.

बाराटांगवर मात्र घरात दोन दिवस बोलणं चाललं. तिथं चुनखडीच्या गुहा आहेत, चिखल उसळणारी विवरं आहेत, गुहांकडं जाताना खारफुटीच्या बोगद्यातून होडी जाते. लेकीला हे सगळं हवं होतं, आणि तिचं चुकत नव्हतं. पण पोर्ट ब्लेअरहून गाडीनं तिथं जाणारा रस्ता, अंदमान ट्रंक रोड, जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटेच गाड्यांची रांग लागते आणि पोलीस बंदोबस्तात तांडा सोडतात. थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, फोटो काढायचा नाही. हे नियम आहेत कारण मोडले गेले. जारवा मुलींना खाऊचं आमिष दाखवून नाचवल्याची चित्रफीत 2012 मध्ये जगभर गेली आणि आपल्या देशाची मान खाली गेली.

जारवा आहेत जेमतेम काहीशे. 1990 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांनी बाहेरच्यांना जंगलाच्या कडेला उभं केलं नव्हतं. मग ते बाहेर येऊ लागले आणि 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याकडं ज्याला लस टोचून विसरतो तो रोग त्यांच्यासाठी अख्खी पिढी नेणारा ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्येच हा रस्ता राखीव क्षेत्रात बंद करायला सांगितलं होतं. तरी गाड्या चालूच आहेत. उत्तरेकडच्या गावांना औषधपाणी, भाजीपाला न्यायला त्याची गरज आहे, हे मी समजू शकते. पण गुहा बघायला मी त्या रांगेत आणखी एक गाडी का वाढवू?

मी लेकीला हे जसं आहे तसं सांगितलं. तिनं विचारलं, “आपण त्यांच्याकडं बघणारच नाही, डोळे मिटून घेऊ, मग?” मी म्हटलं, आपली गाडी तरी त्यांच्या अंगणातून जाणारच ना. ती थोडा वेळ रुसली. नंतर लाल पेन घेऊन तिनंच बाराटांगवर काट मारली. आमच्या सबंध प्रवासातला मला सर्वांत पटलेला निर्णय तोच, आणि तो घरी, जेवणाच्या टेबलावर झाला.

बाकीची काटछाट पटकन झाली. लिटल अंदमानला बोटीचा प्रवास लांबचा, आईला बोट लागायची भीती. उत्तरेला डिगलीपूर : तिथली रॉस आणि स्मिथ ही जोडबेटं ओहोटीला वाळूच्या पट्ट्यानं जोडली जातात, आणि फोटोवरून तरी आम्हाला तीच सगळ्यांत आवडली. पण पोर्ट ब्लेअरहून रस्त्यानं दहा-बारा तास, आणि रस्ता पुन्हा तोच, जारवांच्या जंगलातला. तिकडं बोटही जाते, पण त्याला सवडीचे दिवस हवेत. जॉली बॉय गेलं कारण ते जाऊन-येऊन करायचं बेट, तिथं राहताच येत नाही. ते मुद्दाम तसं ठेवलंय. सागरी राष्ट्रीय उद्यानातलं ते बेट, प्लास्टिक नेऊ देत नाहीत, आणि ते व रेडस्किन यांना आळीपाळीनं विश्रांती देतात. हे मला फार आवडलं. वर्षातले काही महिने माणसं न येणारं बेट असावं.

उरलं ते असं : पोर्ट ब्लेअरला एक रात्र, हॅवलॉकला तीन, नीलला एक आणि परतीच्या विमानाआधी पुन्हा पोर्ट ब्लेअरला एक. बाबांचा ‘दोन रात्रींशिवाय बेट नाही’ हा नियम नीलला मोडत होता. तो त्यांना शेवटपर्यंत खुपला, आणि पुढं त्यांचंच बरोबर ठरलं.

ही नावं मी जुनी लिहिते आहे, कारण तिथले रिक्षावालेही अजून तीच म्हणतात. 30 डिसेंबर 2018 पासून हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअरजवळच्या रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. नेताजींनी 30 डिसेंबर 1943 रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला आणि या द्वीपसमूहांना शहीद आणि स्वराज ही नावं दिली, त्याची ती आठवण. पोर्ट ब्लेअरही 2024 पासून श्री विजयपुरम आहे. तिकिटावर एक नाव आणि धक्क्यावर दुसरं दिसलं तर गोंधळून जाऊ नये.

चेन्नई सुटल्यावर दोन तास खाली पाणीच पाणी. मग एकदम गडद हिरवी, दाट केसांची वाटावीत अशी बेटं, आणि प्रत्येकाभोवती फिकट निळी किनार. आई खिडकीला कपाळ टेकवून होती. विमानतळाला वीर सावरकरांचं नाव आहे. बाबांनी पाटीसमोर उभं राहून टोपी नीट केली.

सेल्युलर जेलमध्ये त्यांनी कुणाशी बोलणं टाळलं. हे जेल 1896 ते 1906 या काळात बांधलं. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या कोठड्यांच्या सात ओळी निघत होत्या. आज तीन उभ्या आहेत. एका ओळीतल्या कोठड्यांची दारं पुढच्या ओळीच्या पाठीकडं, म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसू नये अशी रचना. अंगणात तेलाचा घाणा ठेवलाय. बैलाच्या जागी माणूस जुंपायचा आणि दिवसाला 30 पौंड खोबरेल काढायचं. सावरकर 1911 च्या जुलैमध्ये इथं आले आणि 1921 मध्ये बाहेर पडले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्याही आधी इथं होते. कोठडी वरच्या मजल्यावर, ओळीच्या अगदी टोकाला. बाबा आत गेले, भिंतीला हात लावला आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आम्ही गच्चीतून समुद्र बघत थांबलो. कोठडीच्या उंच झरोक्यातून तो दिसत नाही. मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर प्रांताप्रांतानं कैद्यांची नावं कोरली आहेत. बंगालची यादी संपता संपत नाही. बाबांनी ती सगळी वाचली, एकही नाव न गाळता. बाहेर येऊन म्हणाले, “आपण एकाच नावासाठी आलो होतो.”

म्हणूनच सांगते, पोर्ट ब्लेअरला फक्त विमान बदलण्याची जागा समजू नका. अर्धा दिवस जेलला द्या आणि संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम चुकवू नका. त्यात आवारातला पिंपळ बोलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं हॅवलॉक. बोट बंदिस्त, गार हवेची. आईनं घरातूनच गोळी घेतली होती, आणि समुद्र तळ्यासारखा होता. फेब्रुवारीत तो बहुतेक असाच असतो. उतरल्यावर पहिल्यांदा कानावर पडली ती बंगाली. ही गावं वसवली पूर्व बंगालातून आलेल्या, फाळणीनं घर सुटलेल्या कुटुंबांनी, 1950 च्या दशकात. गावांची नावं गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर. सगळं बेट कृष्णाचं. आणि शेजारचं नील रामाचं : रामनगर, सीतापूर, लक्ष्मणपूर, भरतपूर. आईनं ही नावं ऐकली आणि परकेपणा जो उतरला तो उतरलाच. आम्ही विजयनगरला जिथं राहिलो तिथल्या काकूंशी तिची दुसऱ्या दिवशी ओळख झाली. त्या बंगालीमिश्रित हिंदीत आणि ही कराडी हिंदीत. नारळ, सुपारी, सुना आणि सांधेदुखी यावर दोघींचा तासभर गेला. एका रात्रीच्या मुक्कामात हे झालं नसतं.

राधानगरचा किनारा, ज्याला तिथं सात नंबरचा म्हणतात, त्याबद्दल सगळीकडं लिहून आलेलं आहे. टाइम मासिकानं 2004 मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम म्हटलं होतं. मला वाटतं त्याचं मोठेपण वाळूइतकंच मागच्या झाडांत आहे. किनाऱ्याला टेकून प्रचंड उंच, सरळ खोडांचं जंगल उभं आहे, आणि जंगल व समुद्र यांच्यामध्ये माणसानं काही बांधलेलं दिसत नाही. आपल्या कोकणात सुरू आणि माड असतात, त्यांची सावली विरळ. इथं झाडाखाली दुपारी चारलाच संध्याकाळ होते. आम्ही तिथं तीनही संध्याकाळी गेलो. पहिल्या दिवशी फोटो काढले, दुसऱ्या दिवशी थोडे, तिसऱ्या दिवशी काढलेच नाहीत. लाटा मात्र तिथं आहेत, आई वाळूतच बसली. पोहायला आखून दिलेल्या भागाबाहेर जाऊ नका. खाऱ्या पाण्यातली मगर या बेटांवर आहे आणि 2010 मध्ये राधानगरजवळच्या वळणावर तिनं एका परदेशी तरुणीचा जीव घेतलेला आहे. पाट्या उगाच लावलेल्या नाहीत.

लेकीचे मासे एलिफंट बीचला. दुसऱ्या दिवशी सकाळी तयार होऊन धक्क्यावर गेलो तर वारा सुटलेला, होड्या बंद. आमच्या शेजारचं एक कुटुंब दुपारच्या बोटीनं नीलला निघालं होतं. त्यांची मुलगी माझ्या लेकीच्याच वयाची. पाण्यात घालायचा चष्मा कपाळावर चढवून ती रडत उभी होती, आणि तिच्या वडिलांच्या हातात तोच कार्यक्रम होता, सहा रात्री सात बेटं. आमच्याकडं उद्याचा दिवस होता. आम्ही परत जाऊन झोपाळ्यात पडलो.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. होडी अर्ध्या तासात पोचते. किनाऱ्यावर 2004 च्या त्सुनामीत मेलेली मोठमोठी झाडं पांढरी पडून आडवी झालेली आहेत. कमरेइतक्या पाण्यात प्रशिक्षकानं लेकीला तोंडानं श्वास घ्यायला शिकवलं. मग तिनं डोकं पाण्यात घातलं आणि ते वर काढेना. मीही उतरले. खरं सांगायचं तर तिथलं प्रवाळ फोटोतल्यासारखं नाही. बरंचसं करडं, मोडलेलं. समुद्राचं पाणी तापलं की प्रवाळ आपल्यातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. अंदमानात 2010 ला हे फार मोठ्या प्रमाणावर झालं, नंतरही झालं. पण मासे आहेत. निळे-हिरवे पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते, आणि कान पाण्यात असले की त्यांच्या दातांचा कुरकुर आवाज ऐकू येतो. प्रवाळ चावून, त्यातलं खाऊन, उरलेलं ते वाळू करून बाहेर टाकतात. आपण ज्या पांढऱ्या वाळूवर लोळतो तिच्यातला काही वाटा त्यांचा. लेकीनं हे ऐकलं आणि मुठीतली वाळू निरखत बसली. मालवणला समुद्रात उतरलेल्यांना फरक लगेच कळेल. आपल्याकडं सह्याद्रीच्या नद्या गाळ आणतात, पाणी गढूळ होतं. इथं तळ दिसतो. तिथं पाय टेकवू नका, एवढंच सांगते. दगड वाटतो तो जिवंत असतो.

नील मला सगळ्यांत आवडलं, आणि तिथंच आमचा हिशेब चुकला. तासाभरात पोचलो. चिमुकलं बेट, भाताची खाचरं, भाजीचे मळे. पोर्ट ब्लेअरच्या बाजारात इथली भाजी जाते. धक्क्याला लागूनच भरतपूरचा किनारा. पाणी गुडघाभर, लांबपर्यंत तेवढंच, लाट नावाला. आईनं साडी खोचली, माझा हात धरला, वीस पावलं आत गेली आणि बसली. पाणी तिच्या छातीपर्यंत आलं. तिनं हात पाण्यावर पसरले. मी शेजारी बसले. आम्ही दोघी काही बोललो नाही. तिच्या साडीभोवती बोटाएवढे पारदर्शक मासे जमले, तेव्हा ती म्हणाली, “पायाचं दुखणं कळंना झालंय गं.” दीड तास आम्ही तशाच होतो.

दुपारी लक्ष्मणपूरची नैसर्गिक कमान बघायची होती. प्रवाळाच्या जुन्या खडकाचा हा पूल ओहोटीलाच गाठता येतो. कोकणातला भरतीचा हिशेब बाबांना पाठ आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. त्या दिवशी माघातली चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणजे ओहोटी साडेचारला. पण तिथल्या एका नावाड्यानं मान हलवली, म्हणाला तीनला. तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा, इथं लागू नाही. त्याचं ऐकलं म्हणून बरं. तीनला खडकांमधली डबकी उघडी पडली होती. त्यात समुद्रकाकड्या, निळ्या ओठांचे शिंपले, लपणारे खेकडे. वाटाड्या मुलगा एकेक दाखवत होता, हात लावू देत नव्हता. लेकीनं ओंजळभर शंख-शिंपले आणि मेलेल्या प्रवाळाचे तुकडे गोळा केले होते. प्रवाळ न्यायला कायद्यानं बंदी आहे, विमानतळावर सामानात शोधतात. तिनं सगळं परत त्याच डबक्यात ठेवलं.

सूर्य बुडाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं विचारलं, “पुन्हा एकदा त्या पाण्यात जाऊन येऊ?” बोट दहाला होती. सामान बांधून झालं होतं. नेता आलं नाही. नीलला दोन रात्री हव्यात. हॅवलॉकची एक कमी केली तरी चालेल, पण सोबत गुडघे दुखणारं कुणी असेल तर नीलला दोन रात्री राहाच. आणि विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. वाऱ्यानं बोट थांबली तर विमान आपली वाट बघत नाही.

परतीला सरकारी बोट धरली, कारण तिच्या डेकवर उभं राहता येतं. आई कठड्याला धरून नील मागं जाताना बघत होती. बाबा वहीत लिहीत होते. घरी आल्यावर मी ती वही उघडली. शेवटच्या पानावर डिगलीपूर, मुक्काम चार रात्री, जाताना-येताना बोटीनं, जानेवारी. पुढं कंसात, कालीपूरला कासवं अंडी घालायला येतात. खाली वेगळ्या अक्षरात, आईच्या, एक ओळ : नील, दोन रात्री.